बाटली घेऊन विवरात उतरलेले

गालेरास ज्वालामुखीवरच्या दुर्घटनेला तीस वर्षं उलटून गेली. तरी ज्वालामुखीच्या वायूंचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘उपग्रह आहेत ना, मग तिथे मरायला जायचं कशाला?’ हे मला झोंबतं.

धूममुखांचा, म्हणजे ज्वालामुखीचे वायू बाहेर पडतात त्या भेगांचा, आधीचा इतिहास बराचसा ओरबाडण्याचा. व्हुल्कानो बेटावर लोक गंधक आणि तुरटी खणत; न्यूझीलंडच्या व्हाइट आयलंडवर १९१४ मध्ये गंधकाच्या खाणीवरचे कामगार गाडले गेले. त्यात मला रस नाही.

आम्ही भूशास्त्र शिकत होतो ते नव्वदचं दशक मात्र विसरता येत नाही. १९९१ च्या मे महिन्यात पिनाटुबो ज्वालामुखीतून रोज निघणारा सल्फर डायऑक्साइड दोन आठवड्यांत सुमारे ५०० टनांवरून ५००० टनांवर गेला. खालून शिलारस वर सरकतोय, हे त्यातून कळलं. कुरील बेटांवरच्या कुद्रियावी ज्वालामुखीत शेकडो अंशांवर तापलेल्या भेगांपाशी चक्क रेनिअमचं सल्फाइड सापडलं!

आणि वायूंचे नमुने घ्यायची ती गिगेनबाखची बाटली. निर्वात काच, आत कॉस्टिक सोड्याचं द्रावण. नळी भेगेत खुपसून तोटी हळूहळू उघडायची. वाफ गार होते, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू द्रावणात विरतात, हायड्रोजन, नायट्रोजन वर उरतात. कार्बन खोलवरच सुटतो, गंधक उशिरा; त्यांचं प्रमाण बदललं की शिलारसाचा ठाव लागतो.

१४ जानेवारी १९९३ ला पास्तो शहरातल्या ज्वालामुखीविषयक परिषदेला आलेले काही शास्त्रज्ञ गालेरासच्या विवरात उतरले होते. स्फोटात ६ शास्त्रज्ञ आणि ३ पर्यटक गेले. कामचटकाहून आलेले वायूतज्ज्ञ इगोर मेन्यायलोव्ह त्यांत होते. भूकंपमापकावर स्क्रूच्या आट्यांसारख्या खुणा आधीच उमटल्या होत्या. त्यांना पुरेसं महत्त्व दिलं गेलं नाही, बहुतेकांकडे हेल्मेटं नव्हती. हा दोष मोठा, तो लपवू नये. पण म्हणून विवरात उतरणंच वेडेपणा ठरवणाऱ्यांना मी तेव्हाही मानलं नाही.

२०१९ मध्ये त्याच व्हाइट आयलंडवर २२ जण गेले; ते पर्यटक आणि त्यांचे वाटाडे. तिकीट काढून पाहायला नेलेली माणसं आणि नमुना घ्यायला गेलेली माणसं एकाच ‘धोका’ या शब्दात कोंबली जातात, याचा मला राग येतो. उपग्रहाला सल्फर डायऑक्साइड दिसतो. कार्बन डायऑक्साइड मात्र हवेत आधीच इतका असतो की वरून वेगळा काढणं जिकिरीचं. ड्रोन काही भार उचलतात. पण हेलिअमची समस्थानिकं तपासायची तर आजही भेगेपाशी कुणालातरी बसावं लागतं. आणि ही गरज दूरदेशीचीच नाही; अंदमानातलं आपलं बॅरन बेट तर १९९१ पासून पुन्हा जागं आहे.