बर्फाशिवाय आइस हॉकी? उरवड्यातल्या मुलीने खेळ शिकायचा कुठे?

रॉयल एनफील्ड आइस हॉकी लीगचा पहिला हंगाम 2024 साली लेहमध्ये झाला. पुरुषांचे संघ होते, महिलांचेही. उद्या ज्युनियर लीग आली आणि मुळशीतल्या उरवड्याच्या एखाद्या मुलीला खेळायचं असेल, तर?

खरी अडचण रिंकची आहे. आंतरराष्ट्रीय रिंक 60 मीटर लांब असते. बर्फ टिकवायला खालच्या पाइपांतून थंड द्रावण सतत फिरवावं लागतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये त्याचं वीजबिल किती येईल, विचार करा! देहरादूनची रिंक 2011 मध्ये बांधली, मग अनेक वर्षं बंद राहिली आणि 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली.

त्यामुळे महाराष्ट्रात सुरुवात होते ती चाकांवर, म्हणजे इनलाइन हॉकीने. तोल, पास, स्टिकवरचा हात इथे तयार होतो. थांबणं मात्र नाही. बर्फावर दोन्ही पाती आडवी करून बर्फ खरवडत थांबतात. चाकं तशी घसरत नाहीत. शिवाय इनलाइनमध्ये गोलकीपर धरून 5 जण खेळतात, बर्फावर 6. म्हणजे जागा घेण्याची सवयही बदलावी लागते.

क्लासची फी भरण्याआधी पालकांनी एवढं विचारावं: वर्षातून किती दिवस बर्फावर सराव आणि कुठे?