फोर बाय फोर, मोठे टायर आणि आपली पुळण

आमच्या विंगमधल्या एका मित्राच्या घरी जुनी मारुती जिप्सी आहे. तिला ‘जरा मोठे टायर’ टाकायचे म्हणून तो दोन सेमिस्टर पैसे साठवतोय. मेसमध्ये रोज पाच जण त्याला पाच वेगवेगळ्या साईझ सुचवतात, आणि मी मेकॅनिकलचा म्हणून शेवटी सगळे माझ्याकडे बघतात. तेव्हा म्हटलं, एकदाच लिहून टाकूया. कारण प्रश्न फक्त ‘गाडी भारी दिसते’ एवढाच नाही. पाच टायरचे पैसे, गिअरबॉक्स आणि घाटात लागणारा ब्रेक, सगळंच त्यात अडकलेलं आहे.

आधी टायरवर काय लिहिलेलं असतं ते बघू. जिप्सीचा कंपनीचा टायर २०५/७० आर १५. यातले २०५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यात. आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. म्हणजे गंमत बघा, एकाच टायरवर मिलिमीटर, टक्के आणि इंच तिन्ही सुखाने नांदतात! आता हिशोब करा. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. भिंत २०५ च्या ७० टक्के, म्हणजे १४३.५. ती वर एकदा आणि खाली एकदा, म्हणून २८७. एकूण व्यास ६६८ मिमी.

मित्राच्या मनात आहे २३५/७५ आर १५. त्याच रीतीने त्याचा व्यास येतो ७३३.५ मिमी. म्हणजे जवळजवळ ९.८ टक्के जास्त. आकडा छोटा वाटतो ना? पण तो कुठे कुठे जाऊन बसतो ते बघा.

स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो, रस्ता मोजत नाही. त्यामुळे काटा ६० वर असेल तेव्हा गाडी खरी ६६ ने पळत असते. ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतो, आणि मग साहेब म्हणतात, ‘टायर बदलल्यापासून ॲव्हरेज पडलं.’ थोडं पडतंच, पण थोडं मीटरही खोटं बोलतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ताकद. इंजिनाचा टॉर्क तोच, पण त्रिज्या वाढली, म्हणून जमिनीला मिळणारा रेटा ९ टक्क्यांनी कमी. १.३ लिटरच्या इंजिनाला हे चांगलंच जाणवतं. जिथे सेकंडमध्ये चढत होती तिथे फर्स्ट टाकावा लागतो. आणि हाच नियम ब्रेकलाही लागू आहे, हे कुणी बोलत नाही. पॅडल तेवढंच दाबलं तरी रस्त्यावर मिळणारा ब्रेक त्याच प्रमाणात कमी, वर चाकाचं वजन वाढलेलं. सह्याद्रीतला घाट उतरताना हे गणित कागदावरचं राहत नाही.

मग मिळतं काय? ग्राउंड क्लिअरन्स. पण व्यास ६५ मिमी वाढला तरी गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम ३३ मिमी. शिवाय २३५/७५ ला साधारण ६ ते ८ इंच रुंदीची रिम लागते, आणि जिप्सीची मूळ रिम साडेपाच इंची. म्हणजे रिमही बदला. नवी रिम घेताना दुकानदार पीसीडी जुळवून देतो (जिप्सीला आणि २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीलाही पाच नट आणि १३९.७ मिमी, म्हणजे साडेपाच इंचाचं वर्तुळ), पण ऑफसेटबद्दल बहुतेक वेळा गप्प बसतो. ऑफसेट म्हणजे रिमची हबला टेकणारी जागा रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते. चाक बाहेर आलं की गाडी रुबाबदार दिसते, पण बेअरिंगवरचा लोड वाढतो, स्टिअरिंग जड होतं आणि खड्ड्यात हिसके मारतं. चाक आत गेलं तर पूर्ण वळवल्यावर टायर घासायला लागतो.

माझं मत विचाराल तर जिप्सीला २१५/७५ आर १५ पुरे. व्यास ७०३.५, वाढ ५.३ टक्के. पण तेही टायर घासतो का हे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि गाडीत चार माणसं बसवून बघितल्यावरच. आणि लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. टायरवर १०० लिहिलं असेल तर एका टायरची क्षमता ८०० किलो, १११ असेल तर १०९० किलो.

आता जरा वाळूकडे येऊ, कारण आपण रायगडचे! २०२४ च्या डिसेंबरअखेर रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी रुतली आणि शेवटी बैलगाडीला दोर बांधून ती बाहेर काढली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनीच पाहिला. हसलोही. पण फोर बाय फोरवाल्यांनी फार हसू नये, कारण वाळू इंजिनाची ताकद विचारत नाही, दाब विचारते. समजा एका चाकावर ३०० किलो वजन आहे. हवा २८ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळपास २ किलो. तर टायर अंदाजे १५० चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकतो. हवा १५ पर्यंत उतरवा, तोच टायर २८० च्या वर टेकतो. रुपया खर्च न करता टेकायची जागा जवळपास दुप्पट! टायर रुंदीला फारसा पसरत नाही, लांबीला पसरतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. मोठे दात असलेला मड टायर आपल्या पावसाळी लाल चिखलात झकास चालतो, पण कोरड्या पुळणीत तो नांगर चालवतो. हवा तेवढी डांबरावर यायच्या आधी परत भरायची, नाहीतर टायर तापतो. आणि कमी हवेवर झटक्यात वळण घेतलं तर टायर रिमवरून सुटू शकतो.

इथे रिमचा मुद्दा परत येतो. २०२० च्या महिंद्रा थारला कंपनीनेच दोन साईझ दिल्या. स्वस्त मॉडेलला २४५/७५ आर १६ आणि महागड्याला २५५/६५ आर १८. व्यास ७७४ आणि ७८९, म्हणजे फरक फक्त दोन टक्के. पण भिंत बघा, १६ वाल्याची १८४ मिमी, १८ वाल्याची १६६. हवा कमी केल्यावर फुगायला आणि दगडाचा मार झेलायला भिंतच लागते. म्हणून वाळूत आणि खडकात स्वस्त मॉडेलचा टायर सरस. अलॉयवर भाळणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

अर्थात किनाऱ्यावर गाडी घालायची नाहीच. प्रशासनाची मनाई असते, भरती कुणासाठी थांबत नाही, आणि हरिहरेश्वर-दिवेआगरकडे ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. पण सुरूच्या बनातली पार्किंग, वाडीतली वाट, बंदराजवळचा उतार इथेही वाळू असतेच.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते स्टेपनीकडे. चार मोठे टायर घेतले, पैसे संपले, स्टेपनी जुनीच! जिप्सी, थार, जिम्नी या गाड्यांत फोर व्हील टाकलं की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधून टाकते, मध्ये डिफरन्शियल नसतं. पुढची आणि मागची चाकं तेवढ्याच फेऱ्या मारणार. समजा पुढे झिजलेले, २ मिमी नक्षी राहिलेले टायर आहेत आणि मागे नवे, ८ मिमीचे. व्यासात १२ मिमीचा फरक पडला, म्हणजे १.८ टक्के. एका किलोमीटरमागे १८ मीटरचा हिशोब जुळत नाही. वाळूत, चिखलात चाक घसरून तो जुळवून घेतं. डांबरावर घसरायला जागा नसते, मग शाफ्ट आणि गिअर पिळले जातात, लिव्हर अडकतो, स्टिअरिंग ताठ होतं, आणि शेवटी महागाचा काहीतरी भाग तुटतो. नुसत्या झिजेने हे होतं, मग ६६८ आणि ७३३ चं काय होईल ते सांगायला नको. म्हणून पाचही टायर एकाच साईझचे, शक्यतो एकाच मॉडेलचे, आणि स्टेपनी रोटेशनमध्ये घ्यायची. एबीएस असलेल्या नव्या गाड्यांत तर प्रत्येक चाकाच्या वेगाची तुलना चालू असते, तिथे एक वेगळं चाक म्हणजे सेन्सरला रोजचा गोंधळ.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत. म्हणून कंपनीने त्याच मॉडेलला मंजूर केलेली साईझ सगळ्यात निर्धोक. त्याबाहेर जायचं तर आधी आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्याला विचारलेलं बरं. अपघातानंतर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर चाकांकडेही बघतो.

ज्यांना हिशोबावर विश्वास नाही त्यांनी पार्किंगमध्ये करून बघा. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी सरळ ढकलत चाकाच्या दहा फेऱ्या करा आणि टेपने अंतर मोजा. उत्तर कागदापेक्षा थोडं कमी येईल, कारण वजनाखाली टायर दबतो. पुढच्या आणि मागच्या चाकाचं असं वेगवेगळं मोजा. टेप सर्व्हेइंग लॅबमध्ये मिळेल, ढकलायला आमची विंग आहे.