एबी फॉर्म म्हणजे काय?

विधानसभेची निवडणूक आली की 'एबी फॉर्म मिळाला का?' हे कानावर येतंच. खरं तर हे दोन कागद. 'ए'मध्ये पक्षाचा अध्यक्ष किंवा सचिव कळवतो, की तिकीट देण्याचा अधिकार अमक्याला दिलाय आणि ही त्याच्या सहीची ओळख. मग तो अमका 'बी'वर उमेदवाराचं नाव देतो. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत दोन्ही पोचले पाहिजेत. सही शाईचीच, झेरॉक्स चालत नाही.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक पुरतो, बाकीच्यांना १० लागतात, आणि सूचक त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. आता बघा, पक्षानं एखादीला शेवटपर्यंत ताटकळत ठेवलं आणि एबी फॉर्म आलाच नाही, तर एका सूचकाचा तिचा अर्ज छाननीत बाद. अपक्ष म्हणूनही ती उरत नाही! पण एका मतदारसंघात ४ अर्ज भरता येतात, अनामत एकदाच. त्यातला एक १० सूचकांचा भरून ठेवायचा. बचत गटात दहा सह्या काय, चहा उकळेपर्यंत होतात.

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्हच नसतं, तिथं एबी फॉर्मची भानगड नाही.