तुळजापूरचा घाट आणि आठ हजार फेऱ्यांचा कॅम

उसाच्या हंगामात सोलापूरकडून तुळजापूरमार्गे धाराशिवला मोटारसायकलवर निघालेल्या माणसाला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कुठे ना कुठे गाठ पडतोच. मागे बायको बसलेली, दोन्ही अंगांना बॅगा, वेग चाळिशीचा. समोर रस्ता मोकळा दिसला की रेस वाढवायची आणि ट्रॅक्टरच्या पुढे निघायचं. त्या चार-पाच सेकंदांत साध्या टुरिंग गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण २५०० ते ४००० फेऱ्यांत असतं. लांबच्या प्रवासाच्या गाडीची खरी परीक्षा इथे होते. गाडी जोमदार करायची म्हणून जो ‘परफॉर्मन्स कॅम’ विकत घेतला जातो, त्याच्या जाहिरातीतला अश्वशक्तीचा आकडा मात्र बहुधा सहा, सात, आठ हजार फेऱ्यांवरचा असतो. या दोन पट्ट्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. म्हणून कॅम निवडायचा तर आपण ज्या फेऱ्यांत गाडी चालवतो त्यावरून निवडावा, कमाल शक्तीवरून नव्हे. आणि तसा हिशेब मांडला तर पुष्कळांना कंपनीचाच कॅम बरा वाटेल.

कॅमशाफ्ट हा इंजिनातला फिरता दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे फुगवटे असतात. क्रँक दोनदा फिरला की हा एकदा फिरतो. फुगवटा आला की व्हॉल्व्ह उघडतो, सरला की स्प्रिंग तो मिटवते. व्हॉल्व्ह किती उघडतो ती लिफ्ट, क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो ते ड्युरेशन. मिश्रण आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह २४० अंश उघडा राहतो असं धरू. ४००० फेऱ्यांना हे २४० अंश सेकंदाच्या शंभराव्या भागात सरतात, ८००० फेऱ्यांना दोनशेव्या. एवढ्या घाईत सिलिंडर पुरता भरत नाही, म्हणून वरच्या फेऱ्यांसाठी केलेला कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरापर्यंत उघडा ठेवतो. पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला तरीही. वेगात आलेल्या हवेला स्वतःचा रेटा असतो, त्या रेट्याने ती वर येणाऱ्या पिस्टनला न जुमानता आत शिरत राहते. यात्रेच्या दिवशी एसटीचं दार जितका वेळ उघडं तितकी माणसं आत कोंबली जातात, तसंच हे. पण फेऱ्या ३००० वर आल्या की मागचा रेटा उरत नाही. दार उघडंच असतं, आणि वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण थोडंफार परत बाहेर ढकलतो. उरलेलं मिश्रण कमी दाबलं जातं, गाडी ओढत नाही. म्हणजे बाकी इंजिन तेच ठेवून नुसता कॅम बदलला, तर तो खालच्या फेऱ्यांतली ओढ काढून वरच्या फेऱ्यांना देतो.

याचा ताळा कंपन्यांच्या आकड्यांतच सापडतो. बजाजची डोमिनार ४०० डिसेंबर २०१६ मध्ये आली तेव्हा तिच्या हेडमध्ये एकच कॅमशाफ्ट होता: ८००० फेऱ्यांना ३५ पीएस, ६५०० फेऱ्यांना ३५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. २०१९ मध्ये तिला दोन कॅमशाफ्टचं हेड मिळालं आणि शक्ती ८६५० फेऱ्यांना ४० पीएस झाली. पण कमाल टॉर्क तितकाच राहिला, ३५ न्यूटन-मीटर, आणि त्याची जागा ६५०० वरून ७००० वर सरकली. गणित केलं तर कमाल शक्तीच्या ठिकाणी जुन्या इंजिनात सुमारे ३१ न्यूटन-मीटर उरत होते, नव्यात सुमारे साडेबत्तीस, तेही साडेसहाशे फेऱ्या वर. जोर वाढला नाही, तो वरपर्यंत टिकला. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या, त्यामुळे एवढ्यानेच पाच पीएस वाढले. येडशीहून बीडकडे मोकळ्या महामार्गावर हे इंजिन शोभतं, कारण तिथे फेऱ्या चढत्या ठेवता येतात. याउलट रॉयल एनफील्डचं उदाहरण बघा. २०२१ मध्ये क्लासिक ३५० चं इंजिन मुळापासून बदललं. खाली बसून पुशरॉडने व्हॉल्व्ह हलवणारा कॅम वर हेडमध्ये गेला. अशा रचनेतून शक्ती वर खेचणं सोपं असतं. तरी कंपनीने १९.१ वरून २०.२ अश्वशक्ती एवढ्यावरच समाधान मानलं आणि कमाल टॉर्क पूर्वीसारखाच ४००० फेऱ्यांवर ठेवला, तोही २८ ऐवजी २७. सगळं इंजिन नव्याने आखायची मोकळीक असताना ती जागा हलवली नाही, याला मी अपघात मानत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कंपन्या प्रदूषणाचे नियम आणि ॲव्हरेज सांभाळायला इंजिन मुद्दाम दाबून ठेवतात, थोडी ओढ त्यांनी राखून ठेवलेलीच असते, आणि अमेरिकेत हार्लेच्या टुरिंग गाड्यांचे मालक कॅम बदलतातच की. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण ते लोक कोणता कॅम घेतात ते बघावं. हार्लेचं १७४६ सीसीचं मिल्वॉकी-एट इंजिन टुरिंग गाडीत सुमारे १५० न्यूटन-मीटर देतं, तेही ३२५० फेऱ्यांना. त्याच्यासाठी ‘टॉर्क कॅम’ म्हणून वेगळा कॅम मिळतो आणि त्याचा गुण इनटेक लवकर मिटवण्यात आहे. सामान लादून फिरणाऱ्यासाठी तोच सुचवला जातो. म्हणजे हार्लेचा दाखला माझ्या बाजूनेच पडतो. शिवाय जवळपास पावणेदोन लिटरच्या इंजिनाने थोडी ओढ गमावली तरी पुष्कळ उरते. साडेतीनशे सीसीला ती चैन परवडत नाही.

दुसरा आक्षेप जाणकार मेकॅनिकचा: नुसता कॅम कोण घालतो? सोबत उंच पिस्टन घालू, ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक रिमॅप करू, खालची गेलेली ओढ भरून निघेल. काही अंशी निघते. उंच पिस्टन मिश्रण जास्त दाबतो आणि उशिरा मिटणाऱ्या व्हॉल्व्हने घालवलेला दाब परत आणतो. फक्त हे धाराशिवच्या मे महिन्यात करायचं आहे. पारा चाळिशीच्या वर, इंजिन हवेवर थंड होणारं, मागे माणूस आणि सामान, पुढे तुळजापूरचा चढ: नॉकिंगला, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोके देण्याला, लागतं ते सगळं हजर. ते टाळायला रिमॅपमध्ये स्पार्क मागे घ्यावा लागतो, आणि स्पार्क मागे घेतला की ज्या ओढीसाठी पैसे मोजले तीच पुन्हा कमी होते. आयडलिंगचंही तसंच. मोठ्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ वाढतो, कमी फेऱ्यांना जळका वायू ताज्या मिश्रणात मिसळतो आणि गाडी उभी असताना लंगडत धडधडते. काहींना तो आवाज आवडतो. आवडो बापडा, नवरात्रात तुळजापूरच्या गर्दीतून पहिल्या गियरवर जाताना त्याची किंमत क्लच धरणारी बोटं देतात. न जळलेलं पेट्रोल बाहेर जातं ते पीयूसीच्या नळीला कळतं, हे वेगळंच. कायद्याची बाजूही सोपी नाही: मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

एवढं ऐकूनही कॅम बदलायचाच असेल, तर त्यात चूक काही नाही. बेताचं ड्युरेशन, लवकर मिटणारा इनटेक आणि किंचित जास्त लिफ्ट असा कॅम टुरिंग गाडीला मानवू शकतो. मात्र कॅमसोबतचं कार्ड वाचता आलं पाहिजे. ड्युरेशनचा आकडा दोन तऱ्हांनी छापतात. एक व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यापासून मोजलेला, तो मोठा दिसतो. दुसरा एक मिलिमीटर किंवा तत्सम ठरलेल्या उंचीपासून मोजलेला, तो लहान. एका कॅमचा पहिला आणि दुसऱ्याचा दुसरा आकडा शेजारी ठेवून तुलना केली तर फसगत ठरलेली. जास्त लिफ्ट असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना, हे इंजिन पुन्हा जुळवून टाकण्याआधी बघायला हवं. चांगला कारागीर पिस्टनच्या माथ्यावर मऊ मातीची टिकली ठेवतो, हेड बसवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवतो, हेड परत काढतो आणि दबलेल्या टिकलीला पात्याने काप देऊन सर्वांत पातळ जागा मोजतो. तिथे साधारण दोन मिलिमीटर तरी हवेत, एक्झॉस्टकडे थोडे जास्तच. या कामात दिवस मोडतो. ‘तासाभरात घालून देतो’ म्हणणाऱ्याने ही माती कधी हातात घेतलेली नसते.

गॅरेजमध्ये जाण्याआधी आपल्या नेहमीच्या वेगाला फेऱ्या किती असतात ते टॅकोमीटरवर बघून ठेवा. क्लासिकसारख्या गाडीला तो नसतो, तिथे मेकॅनिककडून गियरच्या हिशेबाने काढून घ्या. मग कॅम विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: पिस्टन तळाला गेल्यानंतर इनटेक किती अंशांनी मिटतो, आणि तुमच्या त्या फेऱ्यांना टॉर्क किती मिळतो. तो कमाल अश्वशक्तीच सांगत राहिला, तर पैसे खिशात ठेवून परत या.