बंद होण्याआधीचा पंख

विमानाचा पंख एकदा बंद झाला की तो कसा बांधलाय हे बाहेरून सांगणं अवघड होऊन बसतं. पत्रा गुळगुळीत दिसतो, रिव्हेट ओळीत दिसतात, वर रंगही चढलेला असतो. पण त्या रिव्हेटांची आतली टोकं नीट बसली का, भोकांच्या कडा साफ केल्या होत्या का, ड्रिल घसरून फासळीला ओरखडा गेला का, यातलं काहीच नजरेला येत नाही. किट मागवून घरी विमान बांधण्याच्या छंदाबद्दल आपल्याकडे बोलणं निघालं की पहिला प्रश्न येतो, एवढं नाजूक काम साध्या माणसाला जमेल का? मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. पंखाचं हातकाम शिकता येतं, आणि नाशिकसारख्या कारखान्यांच्या गावात ते अनेकांच्या हातात आधीच आहे. अडचण आहे ती साक्षीची. पंख बंद होण्याआधी तो दुसऱ्या कोणी आतून पाहिला का, आणि पाहिल्याचं कुठे लिहून ठेवलंय का?

हे पटण्यासाठी पंखाचं काम जवळून पाहायला हवं. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही या धंद्यातली सर्वांत नावाजलेली कंपनी. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीच्या आराखड्यांवरून बांधलेली अकरा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. किट टप्प्याटप्प्यानं येतं. आधी शेपटी, मग पंख; हात शेपटीवर बसवायचा आणि मग पंखाला हात घालायचा असा त्यामागचा हेतू. पंखाचा कणा म्हणजे स्पार, ही आडवी तुळई. उडताना पंख वर वाकू पाहतो, तेव्हा स्पारची वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. सगळा भार अखेर तिथेच येतो. म्हणून व्हॅन्सच्या अलीकडच्या बहुतेक मॉडेलांत हा स्पार कंपनीकडून जोडूनच येतो. हौशी माणसाच्या वाट्याला येतात फासळ्या, मागचा छोटा स्पार, पुढची गोलाई, तिच्यातली पेट्रोलची टाकी आणि वरखालचे पत्रे. भोकं यंत्रावर आधीच पाडलेली असतात आणि ती एकमेकांवर बरोबर बसली की आकार आपोआप जुळत जातो. तीस-चाळीस वर्षांपूर्वी याच कामासाठी आधी जडशीळ लाकडी जिग उभारावी लागे. आता निम्मी जिग त्या भोकांतच आहे.

तरीही भोकावरच सगळं ठरतं. ड्रिलनं कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहिली तर ती आधी काढायची. ती तशीच राहिली तर दोन पत्र्यांमध्ये फट पडते आणि पुढे त्याच जागेतून तडा सुरू होऊ शकतो. पत्र्याबाहेर डोकं राहू नये म्हणून भोकाभोवती डिंपल पाडायचा, म्हणजे रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसतं. मग भरीव रिव्हेट घालून एका बाजूनं हवेवर चालणारी गन आणि दुसऱ्या बाजूनं लोखंडी डॉली धरायची. आत तयार होणाऱ्या टोकाचं माप ठरलेलं असतं: रुंदी रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट, उंची निम्मी. सव्वातीन मिलिमीटरच्या रिव्हेटला साधारण पावणेपाच मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटरहून किंचित जास्त उंच टोक हवं. कमी ठोकलं तर पकड सैल राहते, जास्त ठोकलं तर आसपासचा पत्रा फुगतो. रिव्हेट काढावा लागला तर भोक वाढण्याचा धोका, आणि भोक कडेपासून रिव्हेटच्या जाडीच्या दुपटीहून जवळ आलं तर पत्रा तिथून फाटू शकतो. एका पंखात असे हजारो रिव्हेट. नाशिकमधल्या सातपूरच्या किंवा अंबडच्या शेडमध्ये पत्र्याचं काम केलेल्या फिटरला यातलं काहीच नवीन वाटणार नाही. नवीन वाटेल ते एवढंच, की इथे प्रत्येक रिव्हेट गेजनं तपासायचा असतो.

पंखाला पीळ पडला आहे का, हे पाहायची रीत तर गवंड्याच्याच ओळखीची. पंख चौकटीवर उभा बांधायचा, स्पारवरून ओळंबे सोडायचे आणि दोन्ही टोकांना मागच्या स्पारपर्यंतचं अंतर सारखं येतंय का ते मोजायचं. ते सारखं आलं नाही तर विमान एका बाजूला कलत राहतं, आणि वेग कमी झाला की एक पंख दुसऱ्याच्या आधी उचलणं सोडतो. टाकीचं काम त्याहून चिकट आणि वासाचं. सांधा न् सांधा पॉलिसल्फाइडच्या सीलंटनं भरायचा, वाळू द्यायचा, मग टाकीत अगदी थोडी हवा भरून नळीवर लहान मुलांचा फुगा बांधायचा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं. फुगा तसाच राहिला आणि बुडबुडे उठले नाहीत, तर टाकी पास. तपासणी साधी आहे, तिला महागडं यंत्र लागत नाही. लागते ती न कंटाळण्याची सवय. तीही एकट्याच्या भरवशावर सोडणं धोक्याचं, कारण आपल्याच कामातला दोष शोधताना डोळा बऱ्याचदा जे दिसायला हवं तेच पाहतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. कारखान्यात हे सगळं आधीच होतं, मग घरी कशाला? कारखान्याचं नाव म्हणजे खात्री, हा समज व्हॅन्सच्याच उदाहरणानं २०२३ मध्ये डळमळला. मागणी वाढली म्हणून कंपनीनं काही भागांची भोकं पंचऐवजी लेझरनं पाडून घेतली होती. लेझरनं भोकाच्या कडेला बारीक खाच राहिली आणि डिंपल पाडताना तिथून तडे दिसू लागले. हे तडे बांधणाऱ्या हौशी लोकांच्या नजरेला आले, कारण प्रत्येक भोकावर त्यांनाच वाकून काम करायचं होतं. चाचण्यांनंतर कंपनीनं बहुतेक भाग वापरण्याजोगे असल्याचं सांगितलं, तरी ग्राहकांना भाग बदलून हवे होते. इतर तोटेही साचले होते, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरी संरक्षणासाठी न्यायालयात जावं लागलं. पुढे ती त्यातून बाहेर आली. यातून हौशी माणूस कारखान्याहून श्रेष्ठ ठरत नाही, पण दोष पकडला तो शेवटी भोकावरच्या डोळ्यांनीच.

नाशिकजवळच्या ओझरमध्ये या डोळ्यांची परंपरा साठ वर्षांची आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा इथला कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी होती. मिग-२१ नंतर मिग-२७, मग सुखोई-३०, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथेच जुळलेल्या पहिल्या तेजस एमके-१ए नं उड्डाण केलं. गंमत अशी की तेजसचे पंख ओझरला बनत नाहीत. कार्बन फायबरचे ते पंख कोइमतूरला लार्सन अँड टुब्रो जुळवते आणि ते तिथून येतात. पंख दुसऱ्या गावात बनला तरी चालतो, कारण त्याच्यासोबत त्याचा कागद येतो: कोणत्या टप्प्यावर काय तपासलं, कुणी शिक्का मारला. लष्करी विमानाचा आत्मा त्या शिक्क्यांत असतो असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण शिक्के नसतील तर ते विमान कुणी उडवणार नाही. घरच्या पंखाला नेमकी हीच गोष्ट मिळत नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. घरी बांधलेली विमानं जास्त पडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१२ मध्ये केलेल्या अभ्यासात २०११ ची आकडेवारी आहे: खासगी विमानांच्या ताफ्यात हौशी विमानं जवळपास १० टक्के, पण अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. आकडे वाईटच आहेत. पण कारणं वाचली तर चित्र पालटतं. पुढे आलेली मुख्य कारणं दोन: इंजिन बंद पडणं आणि उडताना विमान ताब्यातून सुटणं. अपघातांचा मोठा हिस्सा विमानाच्या आयुष्याच्या अगदी सुरुवातीच्या तासांतला, आणि दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या विमानांच्या मालकांचाही त्यात बराच वाटा. म्हणजे धोका जास्त करून इंधनाची नळी, इंजिनाची जोडणी आणि चालवणाऱ्याची तयारी यांत आहे. पंख तुटण्यात नाही. मला यातून उलटाच धडा दिसतो. ज्या भागाबद्दल लोकांना सर्वांत जास्त भीती वाटते, त्यावरच सर्वांत जास्त डोळे असतात. तसेच डोळे इंजिनाकडे आणि पहिल्या उड्डाणाकडे वळवायला हवेत.

हे डोळे आणायचे कुठून, यावर दोन देशांनी दोन उत्तरं शोधली आहेत. अमेरिकेत विमानाचा अर्ध्याहून जास्त भाग बांधणाऱ्यानं शिकण्यासाठी वा विरंगुळ्यासाठी स्वतः बांधलेला असावा अशी अट आहे. सरकारी निरीक्षक येतो तो विमान पूर्ण झाल्यावर. पंख बंद होण्याआधी पाहायला येतो तो १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी सुरू केलेल्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचा स्वयंसेवक सल्लागार. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचा निरीक्षक टप्प्याटप्प्याला सही करतो, आणि ती सही नसेल तर पुढचं पान उघडत नाही. मला ब्रिटिश पद्धत अधिक पसंत आहे. अमेरिकन पद्धतीत मोकळीक जास्त. पण बंद पंखाबाबत मोकळीक देऊन पुढे विश्वास मागणं महाग पडतं.

आपल्याकडे तिसरीच स्थिती आहे. सातारा जिल्ह्यातले कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर टीएसी-००३ हे सहा आसनी विमान बांधलं. ते किट नव्हतं, आराखडा त्यांचाच, त्यामुळे पंखाचा हिशेबही त्यांनाच करावा लागला. २०१६ मध्ये ते मुंबईत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळाली २०१७ मध्ये, उडवण्याची परवानगी २०१९ मध्ये, आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणीचं उड्डाण झालं २०२० मध्ये. हातानं केलेल्या कामाहून कागदाची वाट काही कमी खडतर नव्हती. पण दोष फक्त नियामकाचा म्हणून चालणार नाही. टप्प्याटप्प्यानं पाहणारी यंत्रणाच नसेल, तर पूर्ण झालेल्या विमानासमोर उभा राहिलेला अधिकारी नाही म्हणण्याशिवाय काय करणार? साक्षीचं हे महत्त्व आपल्याच इतिहासातही दिसतं. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं अशी कथा पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. मोजमाप, आराखडा, छायाचित्र यांतलं विश्वासार्ह असं काही मागे उरलं नाही. याउलट, राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणाच्या वेळी कॅमेरा उभा केला होता आणि पाच माणसं पाहत होती. त्याआधी १९०१ मध्ये वाऱ्याच्या छोट्या बोगद्यात पंखांचे जवळपास दोनशे नमुने तपासून त्यांनी आकडे लिहून ठेवले होते.

मग नाशिकनं काय करावं? हा श्रीमंतांचा खेळ आहे, त्यात सार्वजनिक बुद्धी का खर्चायची, हा तिसरा आक्षेप इथे येतो. किट महाग आहे हे खरंच. पण जो निरीक्षक हौशी पंखाच्या टप्प्याला सही करायला शिकतो, तोच उद्या तेजसच्या पुरवठादाराच्या शेडमध्ये उपयोगी पडतो, आणि ओझरमधून निवृत्त झालेल्या तपासनिसांच्या हातातलं हे ज्ञान आज कुणी विचारतही नाही. जबाबदारी कुणाची, ही भीतीही समजण्यासारखी आहे. ब्रिटिश निरीक्षक जे पाहिलं त्याची सही करतो, विमानाची हमी घेत नाही. अमेरिकेत तर प्रवाशाला दिसेल अशी पाटी लागते, की हे विमान नेहमीच्या मानकांनुसार प्रमाणित नाही. सही, तारीख आणि फोटो एवढ्यावर सुरुवात करता येते: स्पारला फासळ्या बसल्या की एकदा, टाकी सील करण्याआधी एकदा, आणि शेवटचा पत्रा ठोकण्याआधी एकदा. उडवण्यासाठी ओझरच्या धावपट्टीवर हट्ट धरण्याचं कारण नाही, तिथे लढाऊ विमानांची वर्दळ असते. पंख सुटे होतात, ट्रकवर आडवे बांधून धुळ्याला नेता येतात, आणि तिथे जोडताना बोल्ट आवळणाऱ्याच्या शेजारी पुन्हा एक तपासनीस उभा असायला हवा.