मोबाईलवरची दवंडी

मंडळी, दवंडी आपल्याला ठाऊक आहे. आधी हलगी वाजे. माणसे दारात येत. मग दवंडीवाला मोजक्या शब्दांत बातमी सांगे आणि पुढच्या आळीला जाई. आज हे काम मोबाईल करतो. आपल्यापैकी कोणीही मिनिटभराचा व्हिडिओ करून बातमी सांगू शकतो, तिचा अर्थ समजावू शकतो. पण तो कसा करावा?

आधी आमचीच चूक सांगतो. २०२१ सालच्या जुलैत पंचगंगेला महापूर आला. एका रात्री आमच्या मोबाईलवर व्हिडिओ आला. “धरण फुटलं, पळा!” असं कोणी ओरडत होतं. आम्ही तो तसाच दहा जणांना धाडला. शेजारची बाळंतीण तान्हं पोर घेऊन भर पावसात बाहेर पडली. सकाळी कळलं, धरण जागच्या जागी आहे. व्हिडिओ जुना होता, दुसऱ्या मुलखातला होता. त्यात ना तारीख, ना गावाचं नाव. जन्मभर पोरांना शिकवलं, पण त्या रात्री आम्हीच नापास झालो.

म्हणून आधी खात्री, मग व्हिडिओ. पुराच्या बातमीचा नमुना पाहा :

“चिखली-आंबेवाडीकरांनो, जनावरं आज हलवायची का? आज अमुक तारीख, सकाळचे ८ वाजलेत. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३८ फूट आहे. काल रात्री ३६ होतं. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. राधानगरीचा एक दरवाजा उघडला आहे. ही माहिती जिल्हा आपत्ती कक्षाची. माझं मत असं की पाणी चढतंय, तर जनावरं दिवसाउजेडी हलवा.”

यात काय काय आले? पहिले वाक्य म्हणजे हलगी. ऐकणाऱ्याच्या मनातला प्रश्न त्यात आहे, म्हणून तो थांबतो. मग तारीख, वेळ, ठिकाण. व्हिडिओ वर्षानुवर्षे फिरत राहतो, म्हणून तारीख तोंडाने सांगावीच. मग आकडा. नुसते ३८ सांगून भागत नाही. काल किती, धोका कितीवर, हे सांगितले की अर्थ कळतो. माहिती कुणाची तेही सांगावे. शेवटी आपले मत. पण “माझं मत” असे म्हणूनच.

दरवाज्याचेही समजावून सांगावे. राधानगरीला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात. एका दरवाज्यातून सेकंदाला सुमारे १,४२८ घनफूट पाणी येते. म्हणजे नदी चढेल. धरण फुटले असे नव्हे. एवढे कुणी सांगितले असते, तर ती बाळंतीण घरातच राहिली असती.

आता मोबाईलचे. उजेड तोंडावर पडेल असे बसावे. पाठीमागे खिडकी नको. वाऱ्यात बोलू नये, आवाज फाटतो. मोबाईल उभा धरून कशाला तरी टेकवावा. आठ-दहा लहान वाक्ये आधी कागदावर लिहावीत आणि दोनदा मोठ्याने वाचावीत. बोलावे मात्र घरच्यासारखे. पुराच्या पाण्यात उतरून चित्र घेऊ नये.

आणि चूक झालीच, तर लाजू नये. त्याच दिवशी दुसरा व्हिडिओ करून “मी चुकलो” असे सांगावे. गाव त्याच माणसावर विश्वास ठेवते.