टार्गेट हुकलं, हे बॉसला कसं सांगायचं?

कॅम्पस प्लेसमेंटच्या यादीत सेल्सच्या नोकऱ्या हमखास असतात. टार्गेटचं टेन्शन येणार, हे सगळ्यांना माहीत असतं; पण त्याच महिन्यांत घरात कुणी आजारी पडलं तर? रबाळे एमआयडीसीत एका सेल्समनसोबत घालवलेला एक दिवस.

सकाळचे साडेनऊ. रबाळे स्टेशनवर ट्रान्स हार्बरची लोकल थांबते आणि गळ्यात आयडी कार्ड घातलेली गर्दी बाहेर पडते. काही जण आयटी पार्कांची वाट धरतात, बाकीचे ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून डोंगराच्या बाजूला, एमआयडीसीत शिरतात. माझा मामेभाऊ या दुसऱ्या गर्दीतला.

दादा पॅकेजिंग मटेरियल विकतो. पुठ्ठ्याचे खोके, टेप, स्ट्रेच फिल्म. वय २६, शिक्षण बीकॉम. एकेका कंपनीच्या गेटवर जायचं, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नाव-नंबर-वेळ लिहायची आणि परचेसवाले साहेब मोकळे होईपर्यंत थांबायचं. मी त्याच्याबरोबर होते त्या दिवशी आम्ही सात गेट केली. चार ठिकाणी साहेब मीटिंगमध्ये. एका ठिकाणी चहा मिळाला, पण 'पुढच्या महिन्यात बघू'. दोन ठिकाणी 'कोटेशन मेल करा'. ऑर्डर शून्य.

''आजचा दिवस मस्त गेला,'' परतताना दादा म्हणाला. मला वाटलं, चेष्टा करतोय.

'सेल्सवाल्याने रडायचं नसतं'

मागच्या वर्षी मामीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. मामा नाहीत, घरात हे दोघंच. मंगळवार, गुरुवार, शनिवार दादा पहाटे मामीला घेऊन जायचा, तिला घरी सोडायचा आणि मग रबाळे गाठायचा. पहिल्या महिन्यात टार्गेट हुकलं. दुसऱ्या महिन्यात पुन्हा. ऑफिसमध्ये तो कुणालाच काही बोलला नाही.

''का?'' मी विचारलं.

''अगं, जॉइन झालो तेव्हाच सीनियरने सांगितलेलं, सेल्सवाल्याने रडायचं नसतं. घरचं घरी ठेवायचं.''

ते घरी राहिलं नाही. तिसऱ्या महिन्यात एका जुन्या कस्टमरकडे तो थकलेल्या पेमेंटसाठी गेला. 'पुढच्या आठवड्यात या' हे उत्तर चौथ्यांदा मिळालं आणि दादा साहेबांवर ओरडला. सगळ्या स्टाफसमोर. दुसऱ्या दिवशी त्या कंपनीने पेमेंट पूर्ण केलं आणि खातं बंद केलं.

हसण्याचा हिशोब

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदरी आणि वसुली करणारे कर्मचारी यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता. गिऱ्हाइकासमोर ठरावीक भावना दाखवणं हेसुद्धा श्रमाचं काम आहे आणि त्यानेही माणूस थकतो. मास कॉमच्या वर्गात हे वाचलं तेव्हा परीक्षेपुरतं वाटलं होतं. पहाटे डायलिसिस सेंटर आणि दुपारी हसून 'गुड आफ्टरनून सर', हे ऐकल्यावर कळलं.

दुसरा अभ्यास थेट विक्रीचाच. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि पीटर शुलमन यांनी अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ कंपनीचे विमा एजंट अभ्यासले. अपयशाचं कारण स्वतःला कसं सांगतात, यावर एजंटांचे दोन भाग पाडले. 'मीच कुचकामी, हे असंच चालणार' असं म्हणणाऱ्या निम्म्यांपेक्षा 'या वेळी हे कारण होतं' असं म्हणणाऱ्या निम्म्यांनी पहिल्या दोन वर्षांत ३७ टक्के जास्त विमा विकला. १९८६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

आपल्याकडचं उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. तो नकार लक्ष्मणरावांना नव्हता, समजुतीपोटी आलेला होता. तेवढा फरक ओळखला की माणूस पुढच्या गावी जाऊ शकतो.

दादा तीन महिने स्वतःला सांगत होता, ''मला सेल्स जमत नाही.'' खरं कारण वेगळं होतं. आठवड्यातल्या तीन सकाळी त्याच्या हातात नव्हत्या. गंमत म्हणजे, पहिलं वाक्य बॉसला सांगता येत नाही. दुसरं सांगता येतं.

सांगितल्यावर काय झालं?

खातं गेल्यावर मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं आणि दादाने सगळं सांगून टाकलं. चमत्कार झाला नाही. टार्गेट कमी झालं नाही, त्या तिमाहीचा इन्सेंटिव्ह गेला तो गेलाच. पण भिवंडीची बीट दुसऱ्याकडे गेली आणि त्याला रबाळे-महापे मिळालं. डायलिसिसच्या दिवशी अपॉइंटमेंट दुपारनंतरच्या ठरल्या. आणि एचआरच्या मॅडमनी विचारलं, ''तुझं ईएसआय कापलं जातं ना? मग आईचं डायलिसिस त्यातून का नाही करत?'' तोपर्यंत दादा खिशातून पैसे भरत होता. हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं, कारण त्यानेच विषय काढला नव्हता.

नोकरीला लागण्याआधी हे माहीत असू द्या:

● महिना २१ हजारांपर्यंत पगार आणि ईएसआय लागू असलेली आस्थापना असेल तर उपचार मिळतात. अटी पूर्ण होत असतील तर तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही. पहिल्याच पगारात ईएसआय नंबर मागून घ्या.

● औषध कंपन्यांच्या एमआर मंडळींसाठी १९७६ चा सेल्स प्रमोशन एम्प्लॉइज कायदा होता. नोव्हेंबर २०२५ पासून तो नव्या कामगार संहितेत आला आहे. कामाच्या काळाच्या किमान अकराव्या हिश्शाइतकी भरपगारी रजा आणि वैद्यकीय दाखल्यावर अर्ध्या पगाराची रजा, ही त्यातली तरतूद. काही इतर उद्योगांतल्या सेल्सवाल्यांनाही ती लागू आहे. रजा मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे.

● मन थकलंय असं वाटलं तर टेलि-मानस, १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

● बॉसशी बोलताना 'खूप प्रॉब्लेम आहेत' एवढ्यावर थांबू नका. कोणते दिवस, किती वेळ आणि त्याऐवजी काय करू शकता, हे घेऊन जा. आणि टार्गेट हुकण्याआधी जा.

परतीच्या लोकलची वाट बघताना मी पुन्हा विचारलं, ऑर्डर शून्य, मग दिवस मस्त कसा?

''ते सहावं गेट आठवतं? 'कोटेशन मेल करा' म्हणाले ते?''

''हो.''

''तेच ते साहेब, ज्यांच्यावर मी ओरडलो होतो. दुसऱ्याच आठवड्यात जाऊन माफी मागितली होती. तेव्हापासून दर महिन्याला गेटवर नाव लिहून येतोय. आज पहिल्यांदा कोटेशन मागितलं.''

घरी पोहोचेपर्यंत थांबायचं नव्हतं त्याला. फलाटावरच्या बाकावर बसून मोबाइलवर तो मेल टाईप करू लागला. उद्या मंगळवार होता.